सहा नंबरचे ग्लोव्हज

१. दार

त्या गुरुवारी सकाळी मी माझ्या सख्ख्या धाकट्या जावेला कामाच्या दारातून परत पाठवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मला माझ्या नोकरीची लाज वाटली.

आमचा कारखाना डोळ्यात बसवायच्या लेन्स बनवतो. मोतीबिंदू काढला की त्या जागी जी मसुराएवढी लेन्स बसवतात, ती. ती लेन्स डबीत भरायची खोली म्हणजे क्लीनरूम. तिथे हवासुद्धा गाळून सोडतात. माणूस काही गाळता येत नाही, म्हणून त्याला गुंडाळावा लागतो: टोपी, मास्क, गळ्यापासून घोट्यापर्यंत सूट, बूट आणि सगळ्यांत शेवटी ग्लोव्हज. हे गुंडाळायचं खातं माझं. मी दारात उभी राहते आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारते.

"नखं?"

"कापलेली."

"बाही?"

"आत."

"ग्लोव्ह?"

"वर."

म्हणजे सुटाची बाही आत आणि ग्लोव्ह तिच्या वरून, पार अर्ध्या हातापर्यंत. मग मी म्हणते, "जा." उत्तर चुकलं तर मोठे साहेब असोत की त्यांचे पाहुणे, मी परत फिरवते. कारखान्यात सगळे मला आत्याबाई म्हणतात. माझ्यामागे आणखी काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

त्या दिवशी बारकी उत्तरं द्यायला उभी राहिली आणि मागून शिफ्टसाहेब आले. बारकी म्हणजे माझी जाऊ. चण लहान, हात त्याहून लहान, म्हणून बारकी. तीन नंबरच्या टेबलावर चौदा वर्षं बसते. तिच्या हातून एक लेन्स पडलेली मी ऐकलेली नाही.

"हिला आत सोडायचं नाही," शिफ्टसाहेब म्हणाले.

"का बरं?"

"तीन आठवड्यांचा माल काल तपासणीच्या दिव्याखाली गेला. एकेचाळीस ट्रे नासलेत. झाकणाच्या आतल्या बाजूला अंगठ्याएवढा डाग, धुकं बसावं तसा. तीन नंबरचं टेबल! लॅब म्हणते, कातडी मऊ करायच्या क्रीमचा अंश आहे, त्यात कोरफड. आणि आत्ताच हिचं कपाट उघडलं." त्यांनी हातातली मलमाची डबी वर धरली. "आता हातच्या काकणाला आरसा कशाला?"

बारकीचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, ते मलम मी घरी जाताना लावते. कामावर येताना कधीच नाही."

"उद्या अकरा वाजता मोठ्या साहेबांसमोर सांगा. डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईही येणार आहेत, माल त्यांच्याकडेच जातो. तोवर आत पाऊल टाकायचं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि आत्याबाई, जाऊ म्हणून गय नको."

गय! मी तर घरच्या लग्नात नवऱ्यामुलालाही हात धुवायला लावला होता. मी बारकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "परत जा."

तिने ग्लोव्हज काढले, घडी करून टोपलीत टाकले आणि ती कपाटांच्या खोलीत जाऊन बाकावर बसली. पुढे काय होणार ते तिलाही कळत होतं आणि मलाही. कागदावर 'हाताने माल नासवला' असं एकदा लागलं की कुठलीही क्लीनरूम तिला दारात उभी करणार नाही. हे एकच काम तिला येतं, आणि जसं तिला येतं तसं दुसऱ्या कुणाला येत नाही. पुढच्या महिन्यापासून ती नव्या मुलींना शिकवणार होती.

मी मनाशी म्हटलं, अकरा वाजायला अजून सत्तावीस तास आहेत. काकणाला आरसा लागतो की नाही ते बघूच.

२. मऊ हात

चहाच्या सुट्टीत मी तिच्याशेजारी जाऊन बसले. ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"जाऊबाई, तुम्हाला तरी खरं वाटतं का?"

"मला काय वाटतं याला कोण विचारतो? मला काय दाखवता येतं ते सांग. हात बघू."

तिने हात पुढे केले आणि मी ते उलटसुलट करून पाहिले. बारकीचे हात म्हणजे वर्षानुवर्षं भेगाळलेले. दिवसातून पंचवीस वेळा धुवून आणखी काय होणार? पण आता तेच हात लोण्यासारखे झाले होते, एक भेग म्हणून नाही.

"हे कधी झालं?"

"दोनेक आठवडे झाले. मलाच नवल वाटलं. मलम तेच, लावणं तेच, आणि आता गुण आला."

हे साहेबांनी पाहिलं तर संपलंच, असं मला वाटलं. मग मी तिची बाही वर सरकवली आणि थबकले. बोटांपासून मनगटापर्यंत हात मऊ, आणि मनगटावर सरळ रेघ मारावी तसा मऊपणा संपलेला. रेघेच्या वर तीच जुनी कोरडी, खरखरीत कातडी.

"मलम कुठवर लावतेस?"

"कोपरापर्यंत. का?"

"काही नाही." ती रेघ मी डोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवून दिली. साहेबांनी डबी टेबलावरच टाकली होती. मी चष्मा चढवून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. मेण, तेल, वास. दोनदा वाचली. कोरफडीचं नावसुद्धा नव्हतं.

"बारके, लॅबला कोरफड सापडली. ती या डबीत नाहीच!"

तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा जीव आला. "मग कुठून आली?"

"तेच शोधायचंय. गेल्या तीन आठवड्यांत टेबलावर काही बदललं? चिमटा? ट्रे? पुसायचं कापड?"

तिने आठवून पाहिलं. "काहीच नाही. उलट काम बरं चाललं होतं. ग्लोव्हजसुद्धा हल्ली सटकन चढायचे. नाहीतर ओल्या हाताला किती झगडायला लागतं! मी स्टोअरवाल्या काकांना म्हटलंही, या खेपेचे छान आहेत. फक्त तुमची बोलणी तेवढी खाल्ली."

"माझी?"

"विसरलात? या तीन आठवड्यांत तीनदा ओरडलात, बाही बाहेर आलीये म्हणून. मी दारात नीट आत घालून जाते हो, पण हात लांब केला की सुटते."

खरंच ओरडले होते. चौदा वर्षांत तिची बाही कधी सुटली नव्हती, आणि मी मात्र कारण न विचारता तोंडसुख घेतलं. मला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात दारातून कुणीतरी खाकरलं. स्टोअरवाले काका होते, हातात चहाचे दोन पेले घेऊन. या माणसाने तीस वर्षांत कुणाला फुकट खिळा दिला नव्हता, तो आज चहा घेऊन उभा होता.

"घे पोरी," ते म्हणाले. "सगळं ठीक होईल." खाली बघत त्यांनी पेला ठेवला. "भेगा तरी बऱ्या झाल्या ना तुझ्या?"

"झाल्या," बारकी म्हणाली, "आणि त्याच माझ्या जिवावर उठल्यात."

काकांचा पेला बशीत हिंदकळला. चहा न पिताच ते निघून गेले.

३. पहिला ट्रे

लॅबवाली म्हणजे जिभेवर तराजूचा काटा घेऊन बसलेली बाई. तिला 'साधारण' हा शब्द चालत नाही.

"एकेचाळीस ट्रे," ती म्हणाली. "सगळे तीन नंबरच्या टेबलाचे नाहीत. चाळीस तीन नंबरचे. एक पाच नंबरचा, मागच्या आठवड्यातल्या बुधवारचा."

"त्या बुधवारी बारकी रजेवर होती!" मी ओरडलेच. माझ्या पुतणीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं, ती तिकडे गेली होती.

"मी शिफ्टसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मंगळवारचा तिचा राहिलेला ट्रे पाच नंबरने पुरा केला असेल."

"असेल! उचलली जीभ लावली टाळ्याला. अजून काय?"

लॅबवालीने ट्रेवर लिहिलेल्या वेळा माझ्यापुढे सरकवल्या. आत प्रत्येकाने दर दोन तासांनी ग्लोव्हज बदलायचे असतात, हा नियम. मी चष्म्यातून एकेक वेळ वाचत गेले. आठ वाजून पाच. दहा वाजून दहा. बारा वाजून पाच. पुन्हा आठ वाजून दहा.

"हे सगळे ग्लोव्हज बदलल्यानंतरचे पहिले ट्रे आहेत," मी सावकाश म्हणाले. "दुसरा ट्रे एकही नाही?"

"एकही नाही. दुसऱ्यापासून पुढे स्वच्छ."

आता हे बघा, मी काही शिकलेली बाई नाही. पण हात आणि घाम मला कळतो. हाताला लावलेलं क्रीम ग्लोव्हमधून झिरपत असेल तर ते घामाबरोबर वाढत जाणार. पहिला ट्रे बरा आणि शेवटचा वाईट निघायला हवा. इथे सगळं उलटं होतं. ग्लोव्ह नवा असताना डाग, आणि तो वापरून वापरून स्वच्छ. हातातून काही बाहेर येत नव्हतं. जे काय होतं ते ग्लोव्हवर आधीच होतं, आणि पहिल्या ट्रेच्या झाकणांना पुसून निघत होतं.

"पण ग्लोव्हज सगळ्यांचे एकाच कंपनीचे," लॅबवाली म्हणाली. "मग बाकी टेबलांवर डाग का नाही?"

बरोबर होतं. म्हणजे कुणीतरी बारकीच्याच ग्लोव्हजना काही लावत होतं? आणि पाच नंबरचं टेबल कुणाचं, तर लंबूचं. बारकी गेली की शिकवायचं काम तिलाच मिळणार होतं. मी तडक कपाटांच्या खोलीत गेले. लंबू घरी जायच्या तयारीत आरशासमोर उभी होती आणि चेहऱ्याला काहीतरी चोळत होती. मी तिच्या हातातली बाटली घेतली. तिच्यावर हिरव्यागार कोरफडीचं चित्र होतं.

४. बोटभर आखूड

"आत्याबाई, आईशपथ, मी काही केलं नाही!" लंबू मटकन बाकावर बसली. लंबू म्हणजे नावाप्रमाणे उंच, हडकुळी आणि भित्री. झुरळ दिसलं तर टेबलावर चढेल, आणि मग तिला छत लागेल.

"मग बुधवारच्या तुझ्या ट्रेवर डाग कसा?"

माझा हात कमरेवर गेला. माझा हात कमरेवर गेला की माणसं बोलतात.

"सांगते. पण साहेबांना सांगू नका. बुधवारी माझा ग्लोव्ह चिमट्याच्या टोकाने फाटला. आतल्या मांडणीत बघते तर सात नंबर संपलेला. नवा आणायचा तर बाहेर यायचं, सगळा सूट उतरवायचा, परत चढवायचा. वीस मिनिटं गेली असती. म्हणून मी..." तिने आवंढा गिळला. "मी बारकीच्या खणातला सहा नंबर घातला."

हा आमच्याकडे मोठा गुन्हा. ग्लोव्ह हा आपल्याच मापाचा हवा. मोठा घातला तर बोटांच्या टोकांना रिकामी चुणी राहते आणि ती चिमट्यात सापडते. लहान घातला तर ताणून ताणून कुठेतरी चिरतो, आणि दिसतही नाही.

"चढला?"

"तेच तर! मला वाटलं नव्हतं, पण सुळकन गेला. एका ट्रेनंतर बोटं दुखायला लागली, मग निमूटपणे बाहेर येऊन सात नंबर घेऊन गेले."

मी तिचा गालगुच्चा घेतला. बिचारीला वाटलं मी मारतेय.

बारकी नव्हती, तरी डाग पडला. लंबूचे बाकी ट्रे स्वच्छ, म्हणजे तिची कोरफडीची बाटली निर्दोष, आणि सहा नंबर हातात चढवल्या चढवल्या डाग. दोघींमध्ये समान काय? फक्त सहा नंबरचे ग्लोव्हज. आणि अख्ख्या कारखान्यात सहा नंबर घालणारं माणूस एकच, माझी जाऊ. म्हणून डाग तिच्याच टेबलावर पडत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मी माझ्या मांडणीशी गेले. आत पुठ्ठा चालत नाही, म्हणून ग्लोव्हज पिशव्यांमध्ये येतात, एका जोडीला एक पिशवी. स्टोअरमधून त्या खिडकीतून माझ्याकडे येतात आणि मी त्या खणांत लावते. मी सहाची एक पिशवी घेतली, सातची एक घेतली आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. छाप तोच, अक्षरं तीच, सील घट्ट.

मग मी तळ जुळवले. सहाची पिशवी बोटभर आखूड भरली.

मी दुसरी घेतली. तीही आखूड. अकराच्या अकरा आखूड. सातच्या पिशवीचं सील कंगव्यासारखं, बारीक दात्यांचं. सहाच्या पिशवीचं सील सपाट पट्टीसारखं. या पिशव्या एकदा वरून कापून उघडल्या होत्या, आणि नंतर कापल्या जागेच्या जरा खाली कुणीतरी पुन्हा चिकटवल्या होत्या.

पण कापलेल्या रिकाम्या पिशव्या आणल्या कुठून? हा प्रश्न मनात आला आणि उत्तरही आलं. वापरलेल्या पिशव्या फेकायच्या नाहीत, मोजणीसाठी परत द्यायच्या, अशी आमची रीत. टोपलीतून त्या गोळा कोण करतं? दर शनिवारी दोऱ्याने बांधून देतं कोण? मीच. माझ्या हातांनी मी रिकाम्या दिल्या, आणि माझ्याच हातांनी भरलेल्या परत घेऊन खणात लावल्या. जगाच्या बाह्या तपासणारी मी, आणि पिशवीकडे एकदा नजर टाकली नाही.

दर शनिवारी मी ते गठ्ठे ज्याच्या हातात देत होते, त्याच्या टेबलावर सुटे भाग पिशवीत बंद करायचं सीलर होतं. सपाट पट्टीचं.

५. अकरा वाजता

शुक्रवारी अकराला मोठ्या साहेबांच्या खोलीत मी, बारकी, लंबू, लॅबवाली, शिफ्टसाहेब आणि हॉस्पिटलच्या डॉक्टरबाई, एवढी माणसं होती. स्टोअरवाल्या काकांना मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते दाराजवळ भिंतीला टेकून उभे होते.

शिफ्टसाहेबांनी तोंड उघडलं. "प्रकरण साधं आहे. कपाटात मलम, हात मऊ..."

"साहेब," मी म्हणाले, "बोलणं माझंही ऐका. डॉक्टरबाई, तुम्ही ऑपरेशनला कुठल्या मापाचे ग्लोव्हज घालता?"

त्या चकित झाल्या. "सहा. का हो?"

मला देव पावला! मी खरं तर माझाच हात कोंबणार होते. "मग हात धुऊन या आणि एक कृपा करा."

त्या साबणाने हात धुऊन आल्या. मी त्यांना माझ्या मांडणीतली सहाची पिशवी दिली. त्यांनी ती उघडली, सराईतपणे ग्लोव्ह चढवला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मी पुढे केलेली काच त्यांनी अंगठा आणि बोटात धरली, झाकण धरतात तशी. लॅबवालीने दिवा लावला. काचेवर अंगठ्याएवढं धुकं बसलं होतं.



मी ती काच उचलून शिफ्टसाहेबांपुढे धरली. "साहेब, काकणाला आरसा कशाला म्हणाला होतात ना? हा घ्या आरसा. आता या डॉक्टरबाईंचंही कपाट उघडून बघायचं का?"

मोठे साहेब खुर्चीतून अर्धे उठले. डॉक्टरबाई ग्लोव्ह उलटसुलट करून बघत होत्या. "अहो, हा क्लीनरूमचा ग्लोव्हच नाही! हा दवाखान्यात तपासणीला वापरतात तो. बघा, मनगटाशीच संपतो. आणि आतून कोरफड लावलेली आहे. दिवसभर ग्लोव्हज घालणाऱ्यांचे हात फुटू नयेत म्हणून तसे मिळतात."

लॅबवालीने तिच्या कपाटातली नमुन्याची जुनी पिशवी काढली. प्रत्येक खेपेतली एक ती न उघडता ठेवते. तोही सहा नंबर. डॉक्टरबाईंनी पुन्हा हात धुतले आणि तो चढवला. तो पार अर्ध्या हातापर्यंत गेला. काच धरली, दिवा लावला, तर काच लख्ख.

मग मी सगळं एका दमात सांगितलं. दर वेळी पहिलाच ट्रे का नासला. बारकी रजेवर असताना लंबूचा का नासला. (लंबूने मान खाली घातली, पण कबूल केलं. शाबास.) बाही का सुटत होती: ग्लोव्ह आखूड होता म्हणून, आणि मी दारात तिच्या 'वर' या उत्तरावरच भागवलं होतं. बारकीला मी बाही वर करायला लावली आणि मनगटावरची रेघ दाखवली. माणूस मलम लावतो तर असं पट्टी धरून थांबत नाही. जिथे सुटाची बाही सुरू झाली तिथे ग्लोव्हचा स्पर्श संपला, आणि मऊपणाही तिथेच संपला. तिच्या हाताने ग्लोव्ह नासला नव्हता, ग्लोव्हने तिचा हात बरा केला होता.

"पण कोरफड आतून, मग डाग बाहेर कसा?" मोठ्या साहेबांनी विचारलं. प्रश्न चांगला होता.

"आपल्या ग्लोव्हचं मनगट बाहेर दुमडलेलं असतं, साहेब. घालताना बोटांना हात लागू नये, फक्त ती आतली घडी धरावी म्हणून. ज्याने हे पिशवीत भरले त्याने तशीच घडी घातली, ओळखू येऊ नये म्हणून. आतली कोरफडीची बाजू बाहेर आली आणि पिशवीत दाबून बसली थेट अंगठ्यावर."

"ज्याने भरले म्हणजे कोणी?" शिफ्टसाहेब कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "हिनेच कशावरून नाही?"

मी दोन पिशव्या तळ जुळवून ठेवल्या. आखूड बाजू दाखवली, सपाट सील दाखवलं. "असं सील मारणारं मशीन कारखान्यात एकच आहे," मी म्हणाले आणि कुणाकडेही पाहिलं नाही. बावीस वर्षांची ओळख होती.

"मी केलं," दाराजवळून आवाज आला.

काका पुढे आले. "सहा नंबर मागवायचा राहून गेला. एकटी वापरते, म्हणून यादीत तळाला. विसरलो. नवा माल यायला पाच आठवडे. शिफ्टसाहेबांना सांगायला गेलो, तर म्हणाले, मोठ्या साहेबांचे पाहुणे कारखाना बघायला यायच्या आधी 'कमी पडलं' हा शब्द माझ्या कानावर नको."

शिफ्टसाहेब छताकडे बघायला लागले.

"तिला घरी बसवतील असं वाटलं. म्हणून बाजारातून घेतले. सगळ्यांत भारी घेतले, साहेब. तिचे हात फुटलेले बघवत नव्हते. मला वाटलं, जेवढा मऊ तेवढा चांगला. क्लीनरूमला कोरा ग्लोव्ह लागतो हे मला कळलंच नाही. आणि काल कळलं, तेव्हा जीभ उचलली नाही."

बोलली ती बारकी, आणि मी तिचा असा आवाज घरातही कधी ऐकला नव्हता.

"काका, माझे हात बरे झाले, खरंय. पण काल तुम्ही माझ्यापुढे चहा ठेवलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. एक शब्द बोलला असतात तर मी पाच आठवडे घरी हसत बसले असते. तुम्ही मला चहा दिलात आणि माझं नाव बुडू दिलंत."

काका ढसाढसा रडले. तिने त्यांना रडू दिलं, आणि मला तिचा अभिमान वाटला.

मोठ्या साहेबांनी तिच्या नावाचा कागद सगळ्यांसमोर फाडला. काकांना स्टोअरमधून हलवलं, आणि शिफ्टसाहेबांना म्हणाले, "तुम्ही थांबा, आपल्याला वेगळं बोलायचंय." एकेचाळीस ट्रे गेले. पण डाग फक्त पहिल्या ट्रेवर होता हे कळल्यामुळे बाकीचा सगळा माल पुन्हा तपासून वाचला. निघताना डॉक्टरबाई बारकीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तिची लेन्स तुमच्या टेबलावरची असू दे."

बारकी तेव्हा रडली. मी नाही. माझ्या चष्म्यावर जे आलं ते दिव्याच्या उष्णतेने.

६. चौथा प्रश्न

अस्सल सहा नंबर कुठूनतरी तातडीने मिळवले, ते सोमवारी पहाटेच्या गाडीने आले. त्याच सकाळी बारकी दारात उभी राहिली. मागे सगळी शिफ्ट थांबली होती, लंबू सगळ्यांच्या डोक्यांवरून बघत होती. नव्या मुलींना शिकवायचं काम बारकीला मिळालंच, वर आता ग्लोव्हजची कुठलीही खेप, तिच्यातला एक बारकीने हातात घालून, काच धरून, दिव्याखाली बघितल्याशिवाय आत जाणार नाही असा हुकूम निघाला होता.

"नखं?" मी विचारलं.

"कापलेली."

"बाही?"

"आत."

"ग्लोव्ह?"

"वर," ती म्हणाली आणि अर्ध्या हातापर्यंत चढलेला ग्लोव्ह तिने उंच धरून दाखवला. मागून टाळ्या पडल्या. क्लीनरूमच्या दारात टाळ्या वाजवायच्या नसतात, धूळ उडते. मी कुणाला रागावले नाही.

"जा," मी म्हणाले.

पण ती हलली नाही. मास्कच्या वर तिचे डोळे हसत होते. "जाऊबाई, आता एक प्रश्न माझा. पिशवी?"

आत्याबाईला प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती. मी खणातून तिच्या सहा नंबरची न उघडलेली पिशवी काढली, सातच्या पिशवीला तळ जुळवून लावली आणि सीलवरून अंगठा फिरवला. बारीक दाते लागले.

"पूर्ण," मी म्हणाले.

"मग उभ्या रहा तिथेच," बारकी म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून आमच्या दारात चार प्रश्न विचारतात, आणि चौथ्याचं उत्तर मी देते.